एक बॅटरी जादा

तेर या गावात बॅटरी म्हणजे हातात धरून रस्ता दाखवणारी विजेरी. तिच्यात घालतात ते 'शेल'. हे मला ठाऊक नव्हते असे नाही. तेर माझे आजोळ. लहानपणी सुट्टीत रात्री बाहेर पडलो की मागून आजीचा आवाज यायचाच, "बॅटरी घे रं, इच्चूकाटा असंल!" पण वाणिज्य शाखेचा पदवीधर झाला तरी माणूस घाबरला की मातृभाषा विसरतो. २०२२ सालच्या चैत्रात, भर सप्ताहात, टाळमृदंगाच्या कल्लोळात मी "मामा, बॅटरी गेली!" असे ओरडलो. मामांनी नातवाला मानेनेच खूण केली आणि पाच मिनिटांत ते पोरगे घरून तीन शेलांची लांबलचक बॅटरी घेऊन धापा टाकत आले. मला नेमके काय शोधायचे आहे हे त्याला कळेना, म्हणून त्याने ती माझ्याच तोंडावर मारली. त्या दिवशी त्या मंडपात नीट उजेडात दिसलेला चेहरा एकच, आणि तो फोटो काढणाऱ्याचा होता.

काढायचा होता तो मामांचा. मामा तेव्हा त्र्याऐंशीचे. आयुष्यभरात त्यांचा एकट्याचा म्हणावा असा फोटो निघालेला नाही. लग्नातला एक आहे, त्यात मुंडावळ्यांच्या मागे कुणीतरी आहे एवढे खात्रीने सांगता येते. दुसरा आधार कार्डावरचा. आधार कार्डावर कुणीच स्वतःसारखा दिसत नाही, पण मामा त्यात असे दिसतात की तो मोठा करून भिंतीवर लावला तर येणारा माणूस हार घालायच्या ऐवजी पोलीस पाटलाला कळवील. त्यामुळे आदल्या दिवाळीला मामांनी मला बाजूला घेऊन, बियाण्याबद्दल बोलावे इतक्या सहज सांगितले, "भिंतीवर लावाया एक फोटू काढून ठिव. गळ्यात वीणा असताना. टोपी सरळ बघून काढ."

भिंतीवर म्हणजे कधी, हे त्यांनी सांगितले नाही. मीही विचारले नाही.

आता तुम्ही म्हणाल, हल्ली ज्याच्या त्याच्या खिशात मोबाईल आहे, त्यात काय एवढे! बरोबर आहे. मामांचा नातू हेच म्हणत होता. पण त्याला "मी असताना मोबाईल?" असे बाणेदार उत्तर देणारा मीच होतो. २०२० च्या नोव्हेंबरात आम्हा बँकवाल्यांचा अकरावा द्विपक्षीय करार झाला, मागची थकबाकी हातात पडली आणि त्यातून मी कॅमेरा घेतला. थकबाकी मिळालेला कारकून आणि वारा प्यालेले वासरू यांना बांधून ठेवता येत नाही. भिंग बदलता येणारा, गळ्यात अडकवायचा, खरा कॅमेरा! त्या जातीतला सगळ्यात स्वस्त होता ही गोष्ट मी, दुकानदार आणि सौ. यांच्यापलीकडे कुणालाही माहीत नव्हती.

कंपनीच्या पुस्तकात लिहिले होते की एकदा भरलेल्या बॅटरीवर ५०० फोटो निघतात. छापील आकड्यावर माझा जन्मजात विश्वास. त्यामुळे एकच बॅटरी घेऊन मी सकाळीच तेरला उतरलो. मामांचा वीणेचा पहारा दुपारी बारा ते दोन. तोवर वेळ होता. तेरसारख्या गावात कॅमेरेवाल्याच्या हाती मोकळा वेळ पडू नये. हे गाव म्हणजे जुने तगर. पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशी-पुस्तकात त्याचे नाव आहे. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचे मोठे शहर, तिथून गाड्या भरभरून कापड भडोचच्या बंदराला जाते, असे. (त्या गाडीवानांनी जादा चाक बरोबर घेतले असणार. त्यांना छापील पुस्तके मिळत नव्हती.) मी त्रिविक्रमाच्या देवळाचे फोटो काढले. विटांचे, मागून हत्तीच्या पाठीसारखे गोल. मुळात बौद्धांचे चैत्यगृह, पुढे त्यात त्रिविक्रम आला. मग रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयाकडे वळलो. पाँपेईच्या राखेत सापडली तिच्या नात्यातली शोभावी अशी हस्तिदंती बाई तिथे आहे. ती मला फार आवडते. दोन हजार वर्षे तिने चेहरा तसाच ठेवला आहे आणि तिला कधी चार्जिंग लागले नाही.

खरा घात पोरांनी केला. बाहेर आलो तर आठ-दहा पोरांनी घेरले. "काका, माझा काढा. दावा की! मला बी दावा!" काढायचा, दाखवायचा, मोठा करून दाखवायचा, मागचा पुन्हा दाखवायचा. पुढे अभ्यास केल्यावर कळले की बॅटरी फोटो काढण्याने फारशी जात नाही, ती दाखवण्याने जाते. डोळा लावून बघण्याऐवजी पाठीवरच्या पडद्यात बघून फोटो काढले की पाचशेचा आकडा निम्म्यावर येतो. फ्लॅश वेगळा. शिवाय तो पाचशेचा आकडा जपानी कॅमेरावाल्यांच्या संघटनेने ठरवलेल्या रीतीने काढतात आणि त्या रीतीत 'काका, दावा की' हे कलम नाही.

सव्वाबाराला मंडपात मामांच्या गळ्यात वीणा आली. मी टोपी सरळ आहे हे पाहिले, बटण दाबले आणि पडद्यावर तांबडी बॅटरी दोनदा मिचकावून अंधार झाला. पुढचे मघाशी सांगितलेच. शेवटी लाज सोडून मोबाईलने काढला. त्यात मामा हलले, वीणा हलली. मंडपाचा खांब मात्र अतिशय उत्तम आला आहे.

मामा हसून म्हणाले, "आसू दे. फुडल्या वर्षी काढ की."

त्र्याऐंशी वर्षांच्या माणसाने 'पुढच्या वर्षी' म्हटले की ऐकणाऱ्याच्या पोटात काय होते ते बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्याला विचारा. दर नोव्हेंबरात निवृत्तिवेतनवाले हयातीचा दाखला द्यायला येतात. अंगठा लावतात, "पुढच्या वर्षी भेटू साहेब" म्हणतात. पुढच्या नोव्हेंबरात रांग असते, पण तीच नसते. कुणी आला नाही की आम्ही चौकशी करत नाही. पोराकडून दुसराच दाखला येतो.

तेव्हा त्या रात्री परतीच्या एसटीत मी ठरवले की जादा बॅटरी घ्यायची.

आमचे हेडकॅशियर हा या क्षेत्रातला अधिकारी माणूस. म्हणजे कॅमेऱ्यातला नव्हे, खऱ्याखोट्यातला. ते म्हणाले, "नोट हातात घेतली की बोलते. बॅटरी बोलत नाही. सांभाळून घे." एवढ्या सल्ल्यानंतरही मी सोलापुरात एका दुकानातून दोन स्वस्तातल्या घेऊन आलो. माझ्या मूळ बॅटरीवर आकडा होता ८६०. मिलिअँपिअर-अवर असे काहीतरी लांबलचक त्याचे एकक आहे. आपण खात्यातली शिल्लक म्हणू. या नव्या बॅटऱ्यांवर आकडा होता १८००. आकार तोच, किंमत पाव, शिल्लक दुप्पट! असा व्याजदर सांगणाऱ्या संस्थेत ठेव ठेवू नका, असे मी रोज दहा गिऱ्हाइकांना समजावून सांगतो.

घरी येऊन पहिली आत घातली. कॅमेऱ्याने विचारले की हिच्याशी संवाद होत नाही, तरी वापरू का? म्हणजे सही जुळत नाही, तरी चेक वटवायचा का? मी 'हो' म्हटले. माझ्या नोकरीच्या बावीस वर्षांत मी असा चेक वटवलेला नाही, पण स्वतःच्या पैशाने घेतलेल्या वस्तूपुढे माणसाची तत्त्वे मऊ होतात. पहिल्या बॅटरीने १४० फोटो दिले. दुसरीने नव्वदाव्यालाच मान टाकली, आणि ती पूर्ण भरल्याचे तीन रेघांनी शेवटच्या क्षणापर्यंत सांगत होती. रिकाम्या खात्याचे पासबुक इतके छान भरलेले मी कुठे पाहिले नाही.

त्या दिवशी मला गोरोबाकाका आठवले. तेरमध्ये राहून गोरोबाकाका न आठवणे अवघडच. चैत्र वद्य त्रयोदशीला त्यांची पुण्यतिथी, सगळे गाव त्यांच्या नावावर चालते. मुक्ताबाईने सांगितले म्हणून काकांनी थापटणे घेऊन जमलेल्या संतांच्या डोक्यावर हाणले, कुठले मडके पक्के आणि कुठले कच्चे ते पाहायला. बाकीचे गप्प बसले, नामदेव तेवढे कुरकुरले आणि कच्चे ठरले. मला नेहमी वाटायचे की ही काही तपासणीची पद्धत नव्हे. आता पटले. बाहेरून सगळी मडकी सारखीच दिसतात. लेबल वाचून भागत नाही, हाणावेच लागते.

बॅटरीला हाणता येत नाही. ती लिथियमची असते, पेटते. मग मी सौ.चा स्वयंपाकघरातला वजनकाटा घेतला. मूळ बॅटरी पंचेचाळीस ग्रॅम, या दोघी पस्तीसही नाहीत. माल कमी म्हणजे वजन कमी, हे किराणा दुकानदाराला कळते ते मला कळायला सहा महिने लागले. तेवढ्याच डबीत दुप्पट वीज मावत नसते. मावत असती तर मूळ कंपनीनेच मावली नसती का? सौ. म्हणाली, "अहो, काट्यावर आता बॅटऱ्याच मोजायच्या का जिरेही मोजायचे?" मी काटा परत दिला. पण तेव्हापासून नियम झाला. आकडा बघायचा नाही. वजन बघायचे, भरून एकदा पूर्ण रिकामी होईतो फोटो मोजायचे, आणि आत घालताना जी थोडीशी जरी अडकली ती फुगायला लागली असे समजून बाहेरचा रस्ता दाखवायचा. शेवटी एक मूळ कंपनीची आणि एक दुसऱ्या नावाजलेल्या कंपनीची घेतली. दुसऱ्या कंपनीची म्हणजे नकली नव्हे, बरं का. स्वतःच्या नावाने धंदा करणारा वेगळा आणि दुसऱ्याच्या नावाची सही ठोकणारा वेगळा. पहिल्याला आम्ही कर्ज देतो.

इथे थांबलो असतो तर शहाणा ठरलो असतो. पण तेवढ्यात मला ग्रिपचा नाद लागला.

ग्रिप म्हणजे कॅमेऱ्याच्या बुडाला लावायचा एक ठोकळा. त्यात एकाच्या जागी दोन बॅटऱ्या बसतात. शिवाय कॅमेरा उभा धरला की हाताशी यावे म्हणून एक जादा बटण असते. उभा फोटो, उभे मामा, उभी वीणा! मला तर तो ठोकळा खास मामांसाठीच घडवला आहे असे वाटू लागले. त्यातून बरोबर एक ट्रे होता, त्यात भिंतीवरच्या घड्याळाला लागतात तसले सहा शेल घालूनही कॅमेरा चालतो म्हणे. वीज नसली तरी तेरच्या कुठल्याही दुकानात शेल मिळतीलच, असा माझा हिशेब. (हाही हिशेब चुकला. घड्याळाच्या स्वस्त शेलाला थेंब थेंब पाणी द्यायची सवय. कॅमेरा बादलीने मागतो. घरी करून पाहिले, सहा शेलांत अकरा फोटो. ते सहा शेल नंतर वर्षभर घड्याळात सुखाने चालले.)

आता गंमत अशी की माझा कॅमेरा इतका स्वस्त, की खुद्द कंपनीने त्याच्यासाठी ग्रिप काढलेलीच नाही. ज्याला अंतरपाट नाही त्याला मुंडावळ्या कशाला, असा त्यांचा विचार असावा. पण परक्या कंपन्यांना दया असते. त्यांनी केलेल्या ग्रिपला आतून जोडायची सोय नसल्यामुळे बाहेरून एक वायर येते आणि ती कॅमेऱ्याच्या कुशीतल्या भोकात खुपसायची. सलाईन लावलेल्या पेशंटसारखा कॅमेरा दिसू लागला. तो बसवण्यासाठी कॅमेऱ्याचे बॅटरीचे दार उपटून काढायचे आणि जपून ठेवायचे असते. मी ते इतके जपून ठेवले की अजून सापडलेले नाही.

२०२३ चा चैत्र आला. आदल्या वर्षी मी तेरला गेलो तो उस्मानाबादहून आणि या वर्षी गेलो तो धाराशिवहून. बदलीचा कागद न येता झालेली माझी ही पहिलीच बदली. पण माझे लक्ष त्यात नव्हते. मामा होते. चौऱ्याऐंशीचे, थोडे वाकलेले, पण होते. आमच्याकडे मामाने भाच्याच्या पाया पडायची रीत आहे. दारातच ते वाकायला लागले आणि मी त्यांना धरायला वाकलो तशी गळ्यातली ग्रिप त्यांच्या टोपीवर आदळली. तेरच्या जुन्या देवळांतल्या विटा पाण्यावर तरंगतात इतक्या हलक्या. आणि मी त्याच गावात गळ्यात ही वीट बांधून आलो होतो. मामा डोके चोळत म्हणाले, "थापटणं आणलंस व्हय रं?"

सकाळभर मी कॅमेरा पिशवीतून काढला नाही. पोरे आली, 'दावा की' म्हणाली. मी दोन्ही हात पिशवीवर ठेवून बसून राहिलो, पगाराच्या दिवशीच्या शिपायासारखा. ग्रिपमध्ये दोन बॅटऱ्या, दोन खिशांत. प्रत्येकीवर सौ.ने दिलेल्या पट्टीवर नंबर आणि भरल्याची तारीख. भरलेल्या उजव्या खिशात, वापरलेल्या डाव्या खिशात जायच्या. म्हणजे जमा आणि नावे.

बाराला पहाऱ्याची बदली. आधीचे गृहस्थ वीणा घेऊन उभे. मामा दहा मिनिटे आधीच येऊन त्यांच्या शेजारी उभे राहिले होते. भजन थांबले नाही, वीणा कुठे टेकली नाही. एकाच्या गळ्यातून निघाली ती दुसऱ्याच्या गळ्यात. दोघे एकमेकांच्या पायाला लागले. मी कॅमेरा उभा केला, जादा बटण दाबले. काही नाही. पुन्हा दाबले. काही नाही. घामाने डोळे भरले. चार बॅटऱ्या, एक ग्रिप, सहा महिन्यांचा वजनकाटा, आणि काही नाही! मागच्या वर्षीचे पोरगे माझ्याकडे बघत होते. त्याने हलकेच विचारले, "बॅटरी आणू?"

वायर निसटली होती. ती खुपसायला माझी बोटे स्थिर होईनात. शेवटी ध्यानात आले की कॅमेऱ्याचे स्वतःचे, जन्मापासूनचे बटण जागच्या जागी आहे. ते दाबले. टक्क.

दोन तासांत २१२ फोटो काढले. टोपी सरळ, टोपी किंचित तिरकी, डोळे मिटलेले, डोळे उघडे. पडद्यावरच्या बॅटरीच्या रेघांपैकी एकही हलली नव्हती. खिशातल्या दोघी होत्या तशाच नंबर लावून पडून होत्या. मला खरे सांगायचे तर थोडे वाईटच वाटले.

दोनला मामांनी वीणा पुढच्या माणसाच्या गळ्यात दिली आणि माझ्याशेजारी येऊन बसले. माझ्या फुगलेल्या खिशावर बोट ठेवून म्हणाले, "ह्ये काय कोंबलंयस?"

"जादा बॅटऱ्या, मामा. संपली की घालायच्या."

"संपल्यावर?"

"हो."

"आमचा माणूस संपायच्या आदी येतो," मामा म्हणाले आणि पाणी प्यायला उठले.

तांत्रिकदृष्ट्याही हे बरोबर आहे, असे मला नंतर वाचनात आढळले. या बॅटऱ्यांना पार खडखडीत करणे मानवत नाही. थोडी शिल्लक असतानाच बदलावी, बरेच दिवस ठेवायची तर निम्मी भरून गारव्याला ठेवावी. हल्ली मी एक कॅमेऱ्यात आणि एकच खिशात ठेवतो. ग्रिप सौ.ने घेतली आहे. तिचा पोळपाट डुगडुगतो, त्याखाली ती नेमकी बसते. नाही तरी दार सापडेपर्यंत... पण ते जाऊ द्या, दारासाठी नवा पार्ट मागवावा लागला त्याचा आकडा मी घरी सांगितलेला नाही.

फोटो मात्र झकास आला. लातुरात मोठा करून घेतला, चौकट करून तेरला नेऊन दिला. माझी कल्पना, मामा तो ट्रंकेत ठेवतील. मामांनी त्याच दिवशी खिळा ठोकला. म्हणाले, "टांगल्यावर कसा दिसतोय ते मला नगं का बघाया?" मामींनी आधी तोंड फिरवले, मग फडक्याने काच पुसली. हार तेवढा घालू दिला नाही.

२०२४ च्या उन्हाळ्यात बार्शीकडचे एक लांबचे पाहुणे पत्रिका द्यायला आले. ओसरीत शिरले, समोर भिंतीवर वीणा घेतलेले मामा पाहिले. त्यांनी टोपी काढली, हात जोडले, डोळे पुसले. "कधी झालं वो? कळवलं बी न्हाई," असे मामींना म्हणून खाली मान घालून बसले. आतून मामा चहाची बशी घेऊन आले आणि फोटोखाली उभे राहून म्हणाले, "टोपी सरळ हाय का बघा बरं."